टिळेकर काका आणि गार इंजिन

टिळेकर काका हात मिळवत नाहीत. म्हणजे माणसांशी मिळवत नाहीत. आधी गाडीशी.

जुनी डिझेल गाडी बघायला आपण कुणाच्या तरी दारात जावं, मालकाने हसत हसत पुढे यावं, "हाय, आय अ‍ॅम माइक" म्हणत हात पुढे करावा, आणि काकांनी त्या हाताला वळसा घालून सरळ बॉनेटवर तळवा टेकवावा. डोळे मिटून. ताप आलेल्या पोराचं कपाळ बघतात तसं. माइकचा हात हवेतच. मग तो मी मिळवायचा, कारण कुणीतरी मिळवायला हवा.

बॉनेट कोमट लागलं की विषय संपला. काका वळायचे, आमच्या गाडीत येऊन बसायचे, सीटबेल्ट लावायचे आणि समोर बघत म्हणायचे, "शिजवलेली आहे. चला."

शिजवलेली म्हणजे काय, तर आपण पोचायच्या आधीच मालकाने चालू करून गरम करून ठेवलेली. डिझेल इंजिनाचं खरंखोटं ते गार असताना पहिल्या सेल्फला कळतं. गार इंजिन कुरकुरतं, खोकतं, धूर सोडतं, जे काय दुखत असेल ते सांगून टाकतं. एकदा गरम झालं की मरायला टेकलेलं इंजिनही मांजरासारखं गुरगुरतं. "ज्याला लपवायचं काही नाही तो कशाला आधी शिजवून ठेवेल?" काका विचारायचे. मंदार म्हणायचा, "काका, कदाचित तो दूध आणायला गेला असेल." काका मंदारकडे असे बघायचे की पुढची काही मैलं मंदार फक्त रस्त्याकडे बघायचा.

मंदार माझा नवरा. आम्ही दोघंही नागपूरचे, दोघंही आयटीत, शॉमबर्गला भाड्याच्या घरात. ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब की आमचा नंबर येईपर्यंत आम्ही रिटायर झालेलो असू, म्हणून घर घ्यायचं धाडस होत नाही. त्यावर मंदारने उपाय काढला. घर घ्यायचं नाही, घर ओढायचं. म्हणजे मागे जोडायचा कॅम्पर घ्यायचा आणि सुट्टीत डोंगरदऱ्या हिंडायच्या. कॅम्पर ओढायला ताकदीची गाडी हवी, ताकदीची म्हणजे डिझेल, आणि आपल्या खिशाला झेपणारी म्हणजे जुनी. आणि जुनी डिझेल म्हटल्यावर शॉमबर्गातला कुठलाही मराठी माणूस एकच सांगतो, "टिळेकर काकांना ने. पण तुझी आणि त्यांची ओळख आहे हे कुणाला सांगू नको."

काका मूळ साताऱ्याचे. ऐन तिशीत इकडे आले आणि आयुष्यभर एका डिझेल इंजिनाच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. नवं इंजिन बंद खोलीत जोडायचं आणि ते मरेपर्यंत चालवायचं, हे त्यांचं काम. कुठला आवाज आला की किती आयुष्य उरलं, हे ते काचेपलीकडे बसून ऐकायचे. मग कंपनीने तो विभागच बंद केला. निरोपाला केक आणला. "अंड्याचा," काका सांगतात. "इतकी वर्षं यांच्याबरोबर जेवलो. एकालाही माहीत नव्हतं की मी अंडं खात नाही. उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या निरोपाचा केक बाकीच्यांनी खाल्ला."

हे सांगताना काका हसतात. ते हसणं बघितलं की आपल्याला हसू येत नाही.

असे आमचे रविवार सुरू झाले. सकाळी काकांना त्यांच्या घरून घ्यायचं. शैला काकू दारात येऊन डबा द्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आज तरी एखादी पसंत पडू दे गं. यांच्या रुमालांनी माझं वॉशिंग मशीन काळं झालंय." कारण काकांची दुसरी परीक्षा रुमालाची. पांढराशुभ्र रुमाल बोटाला गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवायचा. आताच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे नळी आतून स्वच्छ हवी. रुमाल काळा झाला म्हणजे फिल्टर फुटलेला, नाहीतर कुणीतरी चोरून काढून टाकलेला. ऑरोराला एका म्हाताऱ्या पोलिश बाईने काकांना गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसून बोट घालताना पाहिलं आणि मला विचारलं, "इज ही अ डॉक्टर?" मी हो म्हणाले. तिला बरं वाटलं.

तिसरी परीक्षा झाकणाची. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण नुसतं उघडून जागेवर ठेवायचं. ते स्वस्थ बसलं तर ठीक. उड्या मारायला लागलं तर आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आणि दाब भलतीकडून बाहेर येतोय. "नाचतंय बघ," काका म्हणायचे, "याच्या घरी लग्न आहे." मालकाला मराठी कळत नसे, पण सूर कळायचा. दोघा-तिघांनी आम्हाला आवारातून जायला सांगितलं. एकाने कुत्रा सोडला. कुत्रा काकांना काही करेना. बहुधा त्यालाही गाडीबद्दल शंका असावी.

हे सगळं गाड्यांपुरतं असतं तर शॉमबर्गाने काकांना डोक्यावर घेतलं असतं. पण ते माणसांचंही बॉनेट चाचपतात. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दिवाळीला भाषण करून खाली उतरले तेव्हा काका मोठ्याने म्हणाले, "शिजवलेलं होतं." एखादी बाई फार गोड बोलली की काका म्हणणार, "हिने सकाळपासून गरम करून ठेवलंय." सुशांत देशपांडे नावाच्या एका मुलाने काकांना न विचारता डिझेल गाडी घेतली. त्याचं ऑफिस घरापासून दोन मैलांवर. मंदिरासमोर गाडीची पूजा चाललेली, त्याची बायको हळदकुंकू वाहतेय, आईवडील व्हिडिओ कॉलवर भारतातून बघतायत. सुशांतने नारळ उचलला आणि काका म्हणाले, "नारळ वाचव. टो-ट्रकवाल्याला दे. तो ओळखीचा होणार आहे तुझ्या."

पुढे ती गाडी खरंच रस्त्यात बंद पडली, फिल्टर चोंदून. दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, मग फिल्टरमधली काजळी जळायची कधी? काकांचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. पण सुशांतने काय करावं? त्याने काकांना घरी बोलावणं बंद केलं. काका खरे ठरल्यावर लोक हेच करतात.

मंडळाने त्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं त्याला आता बराच काळ झाला. काकांना ते कळलेलंच नाही. परवा मला म्हणाले, "हल्ली ग्रुपवर कुणी काही टाकत नाही. बरं झालं. लोकांना जरा अक्कल आली."

आणि मग अजिंक्य.

काकांना मुलगा आहे हे मला कितीतरी रविवारांनंतर कळलं, तेही काकूंकडून. काका बूट शोधत होते तेवढ्यात काकूंनी स्वयंपाकघरात पटकन सांगून टाकलं. अजिंक्य इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. बापामुळे त्यालाही इंजिनांचं वेड. कॉम्प्युटरची चांगली नोकरी सोडून त्याने विस्कॉन्सिनमध्ये जुन्या पिकअप ट्रकांचं दुकान टाकलं. उद्घाटनाला उघड्या मैदानात ट्रक लावलेले, रंगीत पताका, काकूंनी केलेले बेसनाचे लाडू. काका ब्लेझर घालून गेले होते. पहिलं गिऱ्हाईक एक शेतकरी. त्याने ट्रक चालू करायला लावला, आणि काका तिथून चालले होते ते थांबले. झाकण उघडलं. झाकण नाचलं.

"आय वुड नॉट बाय धिस," काका म्हणाले. आपल्याच मुलाच्या दुकानात, उद्घाटनाच्या दिवशी, पहिल्या गिऱ्हाइकाला.

शेतकरी निघून गेला. त्याच्या मागे उभे असलेलेही गेले. पुढे ते दुकान बंद पडलं. त्याच एका दिवसामुळे पडलं असं नाही, पण त्या दिवसाचा काही संबंध नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. अजिंक्यने बापाशी बोलणं टाकलं. काका अजूनही विचारतात, "मग काय खोटं बोलायला हवं होतं?" आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसतं. काकू तेव्हा ओटा पुसत असतात.

त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत काकांनी आमच्या सगळ्या गाड्या नापास केल्या. मंदार कंटाळला होता. म्हणाला, "आपण पेट्रोलची घेऊ आणि हॉटेलात राहू." आणि अचानक काकांचा फोन आला. त्यांनीच एक ट्रक शोधला होता. इंटरनेटवर जाहिरात होती, विकणाऱ्याचं नाव एजे. गाव ग्रीन बेच्या जवळ, विस्कॉन्सिनात, जायलाच तीन-साडेतीन तास.

"काका, इतक्या लांब?" मंदार म्हणाला.

"ट्रक बघण्यासारखा आहे."

"फोटोवरून कसं कळलं?"

"तू मेसेज टाक. आणि नेहमीचं सांग. आम्ही यायच्या आधी चालू करू नका म्हणावं."

मंदारने तसं लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, 'इट विल बी कोल्ड.' बस, एवढंच. मंदारने काकांना ते वाचून दाखवलं तेव्हा काकांनी ते परत एकदा वाचायला लावलं.

रविवारी आम्ही निघालो. मिलवॉकी मागे पडल्यावर हवा बदलली. मक्याची कापलेली शेतं, वारा, आकाश खाली आलेलं.  ट्रकमागून ट्रक जात होते आणि काकांनी एकाच्याही धुराला नाव ठेवलं नाही. मी मागे वळून बघितलं तर त्यांनी ब्लेझर घातला होता. इतके रविवार त्यांना मी एकाच करड्या जॅकेटात बघितलेलं. मला वाटलं, ग्रीन बेला थंडी असेल म्हणून.

घर साधंसं, एकमजली. ड्राइव्हवेमध्ये काळा पिकअप ट्रक. त्याच्या शेजारी तिशी-पस्तिशीचा एक उंच, दाढीवाला माणूस खिशात हात घालून उभा. आम्ही उतरलो. त्याने हात पुढे केला नाही. आमच्याकडे बघितलंही नाही.

"हाय, डॅड," तो म्हणाला.

मंदारने माझ्याकडे बघितलं. मी मंदारकडे. काका त्याला वळसा घालून बॉनेटकडे गेले आणि त्यांनी तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले.

"आय नो. कालपासून हात नाही लावला. दुसरं कोणी असं मागत नाही, डॅड. मेसेज वाचला तेव्हाच कळलं."

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला, आणि साडेतीन तास गाडी चालवली होती ती आम्ही.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. कितीतरी वर्षांनी भेटलेल्या बापलेकांनी एकमेकांना 'कसा आहेस' विचारलं नाही. बापाने सेल्फ मारायला सांगितलं. मुलाने मारला. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. रुमाल काढला, मागे जाऊन गुडघ्यावर बसले. रुमाल स्वच्छ आला. झाकण उघडून ठेवलं. झाकण जागेवरून हललं नाही. अजिंक्य बाजूला हाताची घडी घालून उभा होता, पण झाकणाकडे तोही बघत होता, आणि ते हललं नाही तेव्हा त्याच्या हातांची घडी सुटली.

"बंद कर," काका म्हणाले. जरा थांबून त्यांनी ऑइल मोजायची डिपस्टिक बाहेर काढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल खुणेच्या वर होतं. काकांनी ते नाकाशी नेलं.

"ऑइल वाढलंय."

"येस."

"डिझेल उतरलंय आत. छोट्या फेऱ्या मारतोस. फिल्टर साफ व्हायला बघतो, मध्येच बंद होतो, न जळलेलं डिझेल खाली येतं." काका डिपस्टिककडेच बघत बोलत होते. "ट्रक लांब चाललेला आहे. सीट सांगते, स्टिअरिंग सांगतं. हे आताच सुरू झालंय. रोज एवढ्याशा अंतरावर कुठे जातोस तू?"

अजिंक्यने बुटाने एक खडा बाजूला सारला.

"ऑफिस?"

"घरूनच काम करतो."

"मग?"

"डेकेअर," अजिंक्य म्हणाला.

वाऱ्याने ड्राइव्हवेवरची पानं सरकत गेली. काकांनी डिपस्टिक जागेवर घातली. पहिल्या वेळेला ती भोकात जाईना, दुसऱ्या वेळेला गेली. मग ते मागच्या दाराकडे गेले आणि त्यांनी दार उघडलं. आत मुलांची सीट बांधलेली होती. पट्ट्यांमध्ये बिस्किटाचा चुरा, आणि सीटच्या कडेला अडकलेलं एक लोकरीचं टोपरं. पिस्ता रंगाचं, काठाला अचानक केशरी झालेलं. काकूंचं विणकाम मी ओळखते. लोकर संपली की हाताला येईल तो रंग जोडायची त्यांची सवय. माझ्याकडेही तसाच एक मफलर आहे. मला ओळखू आलं म्हणजे काकांना तर ते दाराबाहेरूनच आलं असणार.

त्यांनी टोपरं काढलं. उलटं करून शिवण बघितली. परत सुलटं केलं आणि सीटवर नीट ठेवलं.

"मुलगी?"

"हो. रेवा. चालते आता."

"रेवा," काका म्हणाले.

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मंदार मुळात सरळ आहे. त्याला वाटलं, तपासणी झाली. त्याने विचारलं, "मग काका? घ्यायची का?"

काकांनी ट्रककडे बघितलं. मुलाकडे बघितलं नाही. आणि ज्या माणसाने मंदिरासमोर, मंडळात, पोराच्या दुकानात, कुठेही निकाल द्यायला एक क्षण घेतला नव्हता, तो माणूस म्हणाला, "मला नाही कळत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही कळत. तुमचं तुम्ही बघा. मी म्हातारा झालो."

अजिंक्य एकदम हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "तुला कळतं, बाबा," तो मराठीत म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "डोन्ट बाय इट. नाऊ नको. ऑइल खराब आहे, फिल्टर भरलाय. तुम्ही कॅम्पर ओढणार, हा रस्त्यात थांबेल. डॅड नोज. तो फक्त बोलत नाहीये."

त्याने बॉनेट बंद केलं. मग तो काकांना म्हणाला, "अँड यू वर राइट दॅट डे टू. त्या ट्रकचं. इंजिन गेलेलंच होतं. मला आदल्या रात्रीच माहीत होतं. यू वर राइट. सो व्हॉट, बाबा?"

काकांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, मग काय खोटं बोलायला हवं होतं? एवढी वर्षं ते वाक्य त्यांनी ज्याच्यासाठी राखून ठेवलं होतं तो समोर उभा होता. त्यांनी तोंड मिटलं.

"रविवारी तासभर हायवेला घेऊन जात जा," ते म्हणाले. "एका वेगाने, न थांबता. फिल्टर मोकळा होईल. ऑइल आधी बदल. विकू नको, चांगला आहे ट्रक. मुलीला मागे बसव. झोपेल. तू झोपायचास."

"हो, आई पण तेच..." अजिंक्य बोलून गेला आणि थांबला. त्याचा चेहरा उतरला. तिशी ओलांडलेला दाढीवाला माणूस, पण काच फोडून सापडलेल्या पोरासारखा दिसायला लागला.

काकांनी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं नाही असं दाखवलं. ते रुमालाची घडी घालत बसले. स्वच्छ रुमाल, त्याची चौघडी, परत उलगडून परत चौघडी.

"ती झोपलीय आत्ता," अजिंक्य घराकडे न बघता म्हणाला. आत बोलवावं की नाही ते त्याचं त्यालाच कळत नसावं.

"झोपू दे," काका म्हणाले. "झोपेतून उठवू नये." आणि आमच्या गाडीत येऊन बसले. सीटबेल्ट लावायला ते विसरले. तो मी लावला.

निघताना अजिंक्यने हात वर केला. कुणासाठी ते समजलं नाही. मंदारने उलट हात केला.

परतीच्या वाटेवर एका पंपावर थांबलो. मंदार कॉफी आणायला आत गेला. मला सगळी जुळवाजुळव करायला तेवढा वेळ पुरला. काकूंची मोठी बहीण टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहते. काकू दर दोन-तीन महिन्यांनी तिच्याकडे जातात, तिचा गुडघा दुखतो म्हणून. काका स्वतः त्यांना विमानतळावर सोडतात, बॅग उचलून देतात, पोचलीस की फोन कर म्हणतात. आणि काका वळले की दुसऱ्या दारातून काकू बाहेर येत असणार, आणि तिथे काळा ट्रक उभा असणार. फ्रिस्कोचा गुडघा कधीच बरा झाला असेल.

"अश्विनी," मागून काका म्हणाले. "शैलाला यातलं काही सांगायचं नाही."

"काका, काकूंना सगळं माहीतच आहे."

"तेच म्हणतोय. तिला माहीत आहे हे मला माहीत नाही. हे असंच राहू दे."

"पण का? आता तर सगळं उघडच झालं. तुम्ही दोघं मिळून जा ना. नात आहे तुमची."

काका खिडकीतून पंपाकडे बघत होते. एक जुना ट्रक निळा धूर सोडत बाहेर पडला. त्यांनी त्याला काहीही म्हटलं नाही.

"मला कळलंय हे शैलाला कळलं, तर ती म्हणणार, तुम्हीही चला," ते म्हणाले. "मग मी जाणार. एक दिवस गप्प बसेन, दोन दिवस बसेन. तिसऱ्या दिवशी काहीतरी बोलणार. त्याच्या बायकोच्या स्वयंपाकावर, नाहीतर मुलीच्या नावावर, नाहीतर छपरावर. छप्पर गळतंय त्याचं उजव्या कोपऱ्यात, बघितलंस का? आज नाही बोललो. आज कसं जमलं तेच मला माहीत नाही. परत नाही जमणार. मग तो तिचंही येणं बंद करेल." मग म्हणाले, "तिला जाऊ दे. मी बोलायला नसलो की सगळं नीट चालतं."

मी काही तरी म्हणणार होते. नाही, तसं काही नाही काका, असं काहीतरी. पण ते शिजवलेलं झालं असतं, आणि त्यांना लगेच कळलं असतं. मंदार कॉफी घेऊन आला. काकांनी एक घोट घेतला आणि कॉफी करपलीय म्हणाले. ती खरंच करपली होती.

शॉमबर्गला पोचलो तेव्हा नुकते दिवे लागत होते. काकूंनी दार उघडलं. हाताला पीठ, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. "मिळाली का? की आजही नापास?"

"नापास," मंदार म्हणाला. त्याला मी गाडीत दटावून ठेवलं होतं.

"इतक्या लांब जाऊन! कुणाचा होता?"

"असाच एक मुलगा," काका म्हणाले आणि बूट काढायला खाली वाकले. "बरा होता मुलगा. खोटं बोलला नाही."

काकूंनी मनगटाने पदर सावरला. "बरं ऐका. मी पुढच्या आठवड्यात फ्रिस्कोला जाऊन यावं म्हणते. ताईचा गुडघा परत धरलाय."

"जा ना."

"चार दिवसांत येईन."

"राहा जास्त. घाई कशाला?" काका अजून वाकलेलेच होते. नाडी सुटत नव्हती. "आणि जाड कोट ने. कानटोपी पण."

"फ्रिस्कोला?" काकू हसल्या. "अहो, तिथे लोक अजून एसी लावून झोपतायत."

"असू दे. वारा फार आहे तिकडे," काका म्हणाले.

त्यांनी बूट काढले, कपाटात ठेवले आणि आत निघून गेले. काकूंचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मंदारच्या बाहीला काही लागलंय का ते बघायला लागले.

आम्ही 'येतो' म्हणालो. काकूंनी मान हलवली. एरवी चहा घेतल्याशिवाय त्या कुणाला उंबऱ्यावरून परत पाठवत नाहीत. त्या दिवशी आत या म्हणायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. पिठाचे हात तसेच पुढे धरून त्या दारात उभ्या होत्या. आम्ही गाडी वळवली तेव्हाही होत्या.